एका दमात मावेल तेवढंच

फुंकवाद्यांविषयी वाचकांचे प्रश्न. उत्तरं देतात सांगलीचे एक निवृत्त बँडमास्तर.

मागच्या अंकात मी जाता जाता लिहून गेलो की शूमान, ग्रीग या युरोपातल्या जुन्या संगीतकारांचे पियानोचे छोटे तुकडे ट्रंपेटवर फार गोड लागतात. एका वाक्यावर एवढी पत्रं येतील असं वाटलं नव्हतं. लग्नसराई संपलीय, बँडवाले घरी आहेत, तेही कारण असेल. सगळ्यांना उत्तर देणं होणार नाही, तेव्हा एकाच्या प्रश्नात चौघांचं भागेल अशी पत्रं घेतलीत.

प्रश्न : मी तासगावजवळच्या एका शाळेत संगीत शिकवते. नववीतला एक मुलगा ट्रंपेट बरा वाजवतो, त्याचे वडील बँडमध्ये आहेत. त्यानं मोबाईलवर शूमानचं 'ट्रॉयमेराय' ऐकलं आणि आता स्नेहसंमेलनात तेच वाजवायचं म्हणून बसलाय. शाळेत पियानो नाही. पेटी आहे आणि वाजवायला मी आहे. पियानोचं नोटेशन मिळवलं, दोघं तोच कागद समोर ठेवून बसलो. दोन ओळींत मुलगा लालबुंद होतो आणि पेटीशी सूर तर अजिबात जुळत नाही. काय चुकतंय?

उत्तर : ताई, सुरांचं आधी सांगतो, कारण त्यात तुमची चूक नाही आणि ती दोन मिनिटांत सुटते. बँडातला साधा ट्रंपेट बी फ्लॅटचा असतो. त्याच्या कागदावर जो 'सी' लिहिलाय, तो वाजवला की तुमच्या पेटीवरची काळी पाच, म्हणजे पाचवी काळी पट्टी, ऐकू येते. म्हणजे तो जे वाचतो त्यापेक्षा एक पूर्ण सूर खाली वाजतं. एकच कागद दोघांनी वाचला की तुम्ही पांढरी चारमध्ये आणि तो काळी दोनमध्ये. जुळणार कसं? ट्रंपेटचा कागद एक पूर्ण सूर वर चढवून वेगळा लिहायचा.

हसू नका, पण हीच चूक मी केलीय. पचमढीला फौजेच्या बँडचं शिक्षण झालेलं, स्टाफ नोटेशन तोंडपाठ, आणि सुटून गावी आलो त्या वर्षी एका कार्यक्रमात घाईघाईत दोन्ही कागद एकाच पट्टीत उतरवले. पेटीवाल्यानं पहिला स्वर धरला, मी फुंकलं, आणि पुढच्या रांगेतले एक म्हातारे गृहस्थ शेजाऱ्याला मोठ्यानं म्हणाले, "अजून सूर लावतायत वाटतं."

आता पट्टी. मूळ तुकडा एफ मेजरमध्ये, म्हणजे पांढरी चार. नियमाप्रमाणे ट्रंपेटला तो जी मेजरमध्ये लिहावा लागतो. मग पहिलाच स्वर येतो खालचा 'डी'. हा 'डी' पहिला आणि तिसरा पिस्टन दाबून निघतो आणि ट्रंपेटवरचा हा जन्मापासूनचा चढा सूर आहे. वाजवणाऱ्याचा दोष नाही, नळ्यांच्या लांबीचं गणितच तसं आहे. दोन पिस्टन एकत्र दाबले की दोन्ही जादा नळ्या मिळून हव्या तेवढ्या लांबीच्या भरत नाहीत, थोड्या तोकड्या पडतात, म्हणून सूर वर जातो. चांगल्या ट्रंपेटला तिसऱ्या स्लाईडवर बोट अडकवायला कडी असते. ती स्लाईड बाहेर ढकलून वाजवणारा सूर खाली आणतो. आपल्याकडच्या बँडांतल्या जुन्या ट्रंपेटची ती स्लाईड बहुतेक वेळा जाम झालेली असते. माझ्या गावभागातल्या खोलीत २०१९ च्या पुराचं पाणी शिरलं तेव्हा भिंतीला टांगलेली दोन वाद्यं गाळानं भरली. पिस्टन रॉकेलमध्ये ठेवून सुटले, पण एकाची तिसरी स्लाईड आजही हलत नाही. अशा वाद्यावर ट्रॉयमेराय पांढरी चारमधून उचललं तर पहिल्याच स्वराला श्रोत्याचा चेहरा आंबतो.

म्हणून अख्खा तुकडा एक सूर खाली घ्या, काळी दोनला. ट्रंपेटच्या कागदावर मग एफ मेजर येतं आणि पहिला स्वर होतो खालचा 'सी'. एकही पिस्टन दाबायचा नाही, नळी मोकळी. गाणं सुरू करायला याच्याहून निवांत स्वर ट्रंपेटवर नाही.

सारेगममध्ये सांगतो म्हणजे तुम्हाला लगेच दिसेल. खालचा प, मग लांब सा. त्यानंतर खालचा नि, सा, ग, प आणि थेट वरचा सा. एवढीच ती प्रसिद्ध ओळ. दुसऱ्यांदा तीच चढण येते, पण या वेळी वरच्या सा वर न थांबता वरच्या ग पर्यंत उडी जाते. आणि अगदी शेवटी पुन्हा तोच वरचा ग, हळू आवाजात, थोडा थांबवून धरायचा. सगळा जीव त्या ग मध्ये आहे. पियानोवर करंगळी टेकवली की काम झालं. ट्रंपेटवर मात्र उंच स्वर आणि तोही हळू, ही सगळ्यांत अवघड गोष्ट. काळी दोनला तो लिहिलेला वरचा 'ए' होतो. नववीतल्या ओठांना तो जड गेला तर आणखी एक सूर उतरा, काळी एकला. कागदावर ई फ्लॅट मेजर, पहिला स्वर खालचा 'बी फ्लॅट', सर्वांत वरचा 'जी'. आवाजातला थोडा उजेड जाईल, पण ओळ फुटणार नाही. शिवाय काळी एक म्हटल्यावर तुमचाही हात आपोआप बसेल.

आता लालबुंद होण्याचं. मुलगा कोणत्या लयीत वाजवतो? मोबाईलवर बहुतेक पियानोवाले हा तुकडा फार संथ वाजवतात, त्यानंही तसाच उचलला असणार. शूमाननं स्वतः मेट्रोनोमचा आकडा १०० घातलाय, म्हणजे मिनिटाला शंभर ठोके. पहिली ओळ चार बारांची, म्हणजे सोळा ठोके. १०० नं ती साधारण दहा सेकंदांत संपते. ६० नं धरली तर सोळा सेकंद. चांगल्या दमाचा माणूस मऊ आवाजात दहा सेकंदं आरामात काढतो, पण सोळा सेकंदं चढण चढत, स्वर न हलवता, नववीतल्या पोरानं? विहिरीत बुडी मारल्यासारखं होणार ते. ८४ ते ९० च्या दरम्यान ठेवा. आणि दम घ्यायची जागा आधी पेन्सिलीनं ठरवून टाका. मी वरच्या लांब सा ची शेपटी थोडी छाटून तिथं घेतो. ऐकणाऱ्याला तो श्वास वाटतो, खंड वाटत नाही. बारच्या रेषेवर मात्र दम घेऊ देऊ नका. या तुकड्यात ओळी बारची रेषा ओलांडून जातात, रेषेवर दम घेतला की गाणं कवायतीसारखं चालायला लागतं.

मुलाला आधी गायला लावा. ट्रंपेट खाली ठेवून, शब्दांशिवाय, 'ला ला' करत, आणि जमलं तर चालता चालता. चालताना ज्या जागी तो आपोआप श्वास घेईल ती जागा कागदावर उतरवा. पियानोची कुठलीही चीज फुंकवाद्याला बसवायची तर मी हेच करतो. जे चालत चालत गाता येतं ते वाद्यावर येतं. जे गाता येत नाही, मग ते पियानोवर कितीही सुंदर असो, ते साथीकडे सोपवायचं किंवा सोडायचं.

ओठांनाही विश्रांती लागते, हे पियानोच्या कागदात कुठंच लिहिलेलं नसतं, कारण पियानोवाल्याला ओठ लागत नाहीत. ट्रॉयमेरायचे पहिले आठ बार दोनदा वाजवायचे असतात. पहिल्यांदा ट्रंपेटला द्या, दुसऱ्यांदा तुम्ही एकट्या वाजवा. मधल्या भागात चाल वरच्या आवाजातून आतल्या आवाजांत उतरते, तिथला अर्धा भागही तुमच्याकडे घ्या. मुलगा परत येईल तेव्हा ओठ ताजे असतील आणि तो शेवटचा ग हाती लागेल.

राहता राहिली पेटी. हा तुकडा चार आवाजांत लिहिलाय, आणि हातपेटीवर तुमचा एक हात भात्यात अडकलेला. एका हातानं तळाचा आवाजही धरायचा आणि आतले दोन आवाजही चालवायचे, हे होणार नाही. ओढूनताणून करू नका. दोन मार्ग सुचतात. एक, शाळेत कुणाकडे युफोनियम (खालच्या, भरीव आवाजाचं मोठं पितळी वाद्य) असेल तर तळाचा आवाज त्याला लिहून द्या. दुसरा मला जास्त आवडतो. सांगलीच्या आसपास संगीत नाटकांच्या काळातले पायानं भाता मारायचे ऑर्गन अजून काही घरांत, काही देवळांत कापडाखाली झाकून ठेवलेले सापडतात. ते मिळालं तर दोन्ही हात मोकळे, आणि चारही आवाज वाजतील. विचारून तर बघा. आमच्या नाट्यपंढरीत एखादा मिळाला नाही तरच नवल.

आणि एक शेवटचं, मुलाला नक्की सांगा. पियानोचा स्वर वाजल्या क्षणापासून विझायला लागतो. फुंकवाद्याचा स्वर फुंकत राहाल तेवढा वाढू शकतो, आणि बँडवाल्यांना तो वाढवायची सवय असते. वरातीत ते चालतं, तिथं रस्त्याच्या पलीकडे ऐकू जायचं असतं. शूमानच्या लांब सा वर मात्र मध्येच फुगवटा आला की सगळं बिघडतं. त्याला म्हणावं, घंटेवर टोला पडल्यासारखी सुरुवात कर आणि मग स्वर आपोआप मंदावू दे. स्वर वाढू न देणं शिकायलाच चार दिवस जातील.

प्रश्न : मी मिरजेच्या एका बँडमध्ये युफोनियम वाजवतो. आमच्या वाद्याला कुणी सोलो देतच नाही. पियानोच्या तुकड्यांत वरची चाल नेहमी ट्रंपेटला जाते. युफोनियमला काही आहे का? यूट्यूबवर शोपाँचा ई मायनरचा प्रेल्यूड (पियानोचा छोटा तुकडा) कुणीतरी युफोनियमवर एकटाच वाजवलेला ऐकला, मला फारसा भावला नाही. का भावला नाही ते कळत नाही.

उत्तर : भाऊ, 'वरची चाल' म्हणता तिथंच घोटाळा आहे. चाल नेहमी वरच असते हे कुणी सांगितलं? शूमानच्या लहान मुलांसाठीच्या संग्रहात, ओपस ६८ मध्ये, १० व्या क्रमांकाचा तुकडा आहे, कामावरून घरी परतणारा आनंदी शेतकरी. त्यात गाणारा हात डावा आहे. उजवा हात मधल्या ठोक्यांवर नुसत्या कॉर्डा (एकदम वाजणारे दोन-तीन स्वर) टाकतो. म्हणजे जिथं तुमचा आवाज सगळ्यात भरीव असतो, नेमकी तिथंच चाल ठेवलीय. तुमच्या बँडातले दोन क्लॅरिनेट उजव्या हाताच्या कॉर्डा घेतील. ते काम ते रोज वरातीत करतातच, 'धुम'च्या पुढचा 'चॅक' तो त्यांचा. मध्ये थोडा वेळ उजवा हातही तीच चाल वरून धरतो, तिथं एक ट्रंपेट सोबत घ्या. ट्रेबल क्लेफ वाचत असाल तर तुमचा कागद जी मेजरचा होईल. बास क्लेफ वाचत असाल तर मूळ कागदच समोर ठेवा.

हा संग्रह शूमाननं १८४८ मध्ये लिहिला. सुरुवातीचे काही तुकडे थोरल्या मुलीच्या सातव्या वाढदिवसासाठी लिहिलेले, पुढे ते ४३ झाले. पोरीसाठी लिहिले असल्यामुळे त्यांत बोटांची कसरत कमी आणि गाणं जास्त. म्हणून मी शिकाऊ मुलांना पहिल्यांदा यातलेच देतो. शूमानला पितळी वाद्यांचं वावडं होतं असंही नाही. पुढच्याच वर्षी, १८४९ मध्ये, त्यानं पिस्टनच्या नव्या हॉर्नसाठी आणि पियानोसाठी खास एक मोठी रचना केली, ओपस ७०. फक्त विश्रांती द्यायची राहून गेली. हॉर्नवाले आजही तिच्यापुढं धापा टाकतात. एवढा मोठा संगीतकार, पण पियानोवर बसून लिहिताना त्यालाही ओठांचा विसर पडला. तुम्हा-आम्हाला पडला तर नवल काय.

आता तुमचा शोपाँ. तो का भावला नाही, ते चाल नुसती म्हणून बघा म्हणजे कळेल. प, कोमल ध, प, कोमल ध, प. बारामागून बार तेच. चालीत काहीच घडत नाही. जे घडतं ते डाव्या हातात. तिथल्या कॉर्डा आठ-आठच्या ठोक्यांनी एकेक अर्ध्या सुरानं खाली घसरत जातात, आणि वरचा तोच प दर वेळी निराळा वाटायला लागतो. आधी घरात उभा असलेला माणूस नंतर पाण्यात उभा दिसावा, तसा. वरची ओळ एकट्यानं काढून वाजवली की उरतो तो फक्त माणूस. घरही नाही, पाणीही नाही. तानपुरा लावून हे भागेल असं कुणी म्हणेल, पण तानपुरा जागचा हलत नाही, आणि इथं तर सगळं हलण्यातच आहे.

करायचंच असेल तर एकटे करू नका. तीन जण पाठीमागं बसवा. दोन आल्टो हॉर्न आणि एक बास असले तरी चालेल. ते अगदी दबक्या आवाजात कॉर्डा वाजवतील, तुम्ही गा. ई मायनरमध्ये मात्र नको, तुमच्या कागदावर तीन शार्प येतील आणि बँडातल्या मंडळींची बोटं फ्लॅटच्या पट्ट्यांत मुरलेली असतात. एक सूर खाली, डी मायनरला घ्या. तुमच्या कागदावर फक्त एक शार्प राहील. कॉर्डावाल्या तिघांनी एकाच वेळी दम घ्यायचा नाही, आळीपाळीनं घ्यायचा. हे त्यांना दहा वेळा सांगावं लागेल, तरी पहिल्या तालमीत तिघंही एकदमच घेतील.

हवेवर चालणाऱ्या वाद्यावर हा प्रेल्यूड वाजवणारे तुम्ही पहिले नव्हे, एवढं मात्र सांगतो. १८४९ मध्ये पॅरिसला शोपाँच्या अंत्यविधीत हा तुकडा चर्चच्या ऑर्गनवर वाजवला होता.

प्रश्न : मी साताऱ्याला शिकतो आणि शाळेच्या बँडमध्ये बिगुल वाजवतो. बिगुलावर शूमान वाजेल का?

उत्तर : बाळा, नाही वाजणार. बिगुलाला पिस्टन नसतात, त्यामुळे एका नळीतून निघणारे चार-पाच स्वर एवढीच तुझी पुंजी. त्यात रे नाही, म नाही. पण त्याच ओपस ६८ मध्ये ७ व्या क्रमांकावर एक शिकारगीत आहे, त्याची सुरुवात शिंगाच्या हाकेसारखी आहे. त्या ढंगाची एक हाक तू बिगुलावर बसव आणि पुढचं मित्राला ट्रंपेटवर वाजवू दे. पिस्टनची कल्पना निघाली तीही याच अडचणीतून. १८१८ मध्ये जर्मनीत दोघांनी मिळून तिचं पेटंट घेतलं. त्याच्या आधी ट्रंपेट आणि हॉर्न असेच अडून बसायचे. सुट्टीत ट्रंपेट शिक, एवढंच सांगतो.

प्रश्न : मी कराडला कॉलेजात आहे, कॉर्नेट वाजवते. ग्रीगच्या 'लिरिक पीसेस'मधले काही तुकडे स्वतः कॉर्नेटसाठी बसवून रेकॉर्ड करायचे आहेत. कुणाची परवानगी लागते का? आणि कुठला तुकडा घ्यावा?

उत्तर : परवानगी लागत नाही. आपल्या कायद्यानं संगीतकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतो, आणि ग्रीग १९०७ मध्ये गेला. शूमान, शोपाँ, मेंडेल्सन, चायकॉव्स्की सगळे मोकळे आहेत. फक्त दुसऱ्या कुणी अलीकडे कॉर्नेटसाठी बसवलेला कागद उतरवू नकोस, त्यावर त्या माणसाचा हक्क असतो. पियानोचा जुना मूळ कागद घे आणि स्वतः बसव, शिकशीलही.

तुकडा म्हणशील तर पहिलाच घे, 'अरिएटा'. ई फ्लॅट मेजरमध्ये आहे, कॉर्नेटच्या कागदावर एफ मेजर येईल. चाल साधी आणि वरच्याच आवाजात. मधल्या आवाजातली बारीक वीण गिटारलाही देता येईल. दहा वह्यांत मिळून ६६ तुकडे आहेत. पहिली वही १८६७ ची, शेवटची १९०१ ची. आणि अगदी शेवटच्या तुकड्यात ग्रीगनं हीच अरिएटा वॉल्ट्झच्या तीन ठोक्यांत परत आणलीय. जमल्यास दोन्ही वाजव. पहिला सुरुवातीला, दुसरा रेकॉर्डिंगच्या शेवटी. चौतीस वर्षांनी माणूस तीच ओळ पुन्हा गातोय, हे तुझं तुला बोटांत कळेल. मला ते कळायला साठी उलटावी लागली.

प्रश्न : आपल्या सदरात हल्ली विलायती नावंच जास्त दिसतात. अब्दुल करीम खाँसाहेब ज्या मिरजेत राहिले तिच्या शेजारी बसून तुम्ही जर्मन माणसांची गाणी शिकवता. बँडवाल्यांना नाट्यपदं शिकवा. पियानोचं गाणं ट्रंपेटवर हा नसता उद्योग आहे. (सांगली)

उत्तर : काका, रागावू नका. नाट्यपदं मी चाळीस वर्षं वाजवली आणि अजून वाजवतो. गणपतीत विसर्जनाच्या मिरवणुकीला आयर्विन पुलाच्या अलीकडे थांबून 'नाथ हा माझा' वाजवायला लावणारेही तुमच्याच पिढीचे, आणि ते वाजवताना मला काही कमी आनंद होत नाही. पण नाट्यपद ट्रंपेटवर वाजवताना मी काय करतो? गवयाची तान सगळी येत नाही म्हणून चार स्वर सोडतो, दम कुठं घ्यायचा ते ठरवतो, पट्टी वाद्याला सोयीची घेतो. शूमानच्या बाबतीतही हेच करायचं असतं. गळ्यातलं वाद्यावर आणणं हा नसता उद्योग नसेल, तर पियानोवरचं वाद्यावर आणणं कसं होईल?

आणि वाट उलटीही चालते. चायकॉव्स्कीच्या 'स्वान लेक' बॅलेत एक नेपल्सचा नाच आहे, त्यात कॉर्नेटचा सोलो आहे. पुढे १८७८ मध्ये त्यानं मुलांसाठी २४ सोपे पियानोचे तुकडे लिहिले, शूमानच्या धर्तीवर असं स्वतःच म्हणून, आणि त्यात १८ व्या क्रमांकावर तीच कॉर्नेटची चाल पियानोला दिली. आता माझा विद्यार्थी ती पियानोच्या कागदावरून उचलून कॉर्नेटवर वाजवतो, तेव्हा विलायती गाणं तो उसनं घेत नाही, आपल्या वाद्याचं होतं ते परत आणतो. तुम्ही एकदा संध्याकाळी या, ऐकवतो. नंतर नाट्यपदही वाजवू, चहा घेऊन.

प्रश्न : घरात सराव करताना शेजारी ओरडतात. म्यूट (आवाज दाबायचं टोपण) विकत घ्यायला परवडत नाही. करवंटी चालेल का?

उत्तर : चालते, मी वापरलीय. अर्धी करवंटी आतून खरवडून, कडेला सायकलच्या ट्यूबची पट्टी चिकटवून, डाव्या हातानं वाद्याच्या तोंडासमोर धरायची. आत घट्ट बसवू नका, हवा अडकते आणि ओठांवर ताण येतो. म्यूट लावला की सूर थोडा चढतो, मोठी स्लाईड केसभर बाहेर ओढा. आणि करवंटी ओल्या नारळाची घेतलीत तर दोन दिवस उन्हात वाळवा. माझ्या पहिल्या करवंटीला ट्रॉयमेरायच्या सरावात मुंग्या लागल्या होत्या.